घर विकताना : भाव, कागद आणि शील

(मंडळाचे सभासद व विद्यार्थी यांच्यासाठी झालेल्या मार्गदर्शनपर व्याख्यानाचा मजकूर)



डागडुजी करून, नवे रूप देऊन तयार केलेला शहरातला फ्लॅट विकावा कसा आणि त्याचा भाव ठरवावा कसा, या विषयावर आज आम्ही चार शब्द बोलणार आहोत. विहाराच्या व्यासपीठावरून हा बाजाराचा विषय कशाला, असे काहींच्या मनात येईल. परंतु तथागतांनी गृहस्थांना उपदेश करताना संपत्ती कमवावी कशी, राखावी कशी आणि खर्च करावी कशी हेही सांगितले आहे. कष्टाने मिळवलेल्या धनाचे रक्षण करणे याला त्यांनी आरक्खसंपदा म्हटले आणि गृहस्थाच्या हिताच्या गोष्टींमध्ये तिची गणना केली. तेव्हा हा विषय धम्माच्या बाहेरचा नाही.

आपल्या समाजाच्या दृष्टीने तर तो फार जिव्हाळ्याचा आहे. आपल्यापैकी कित्येकांचे आजोबा-पणजोबा गावाकडून आले ते बीडीडी चाळीत, बीआयटी चाळीत, गिरणगावातल्या एका खोलीत राहिले. परमपूज्य बाबासाहेब स्वतः परळच्या बीआयटी चाळीत अनेक वर्षे राहिले. पुढची पिढी विक्रोळीच्या कन्नमवार नगरात, कुर्ल्याच्या नेहरू नगरात, चेंबूरच्या टिळक नगरात, कोणी कल्याण-बदलापूरकडे मालकीच्या घरात गेली. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बीडीडी चाळींतील ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. जुनी खोली होती १६० चौरस फुटांची. सांगायचे तात्पर्य असे की, आपल्या बहुतेक कुटुंबांकडे शेती नाही, दुकान नाही, दागदागिने बेताचे. जे काही आहे ते घरच. तीन पिढ्यांची मिळकत त्या चार भिंतींत आहे.

असे घर विकण्याचा प्रसंग आयुष्यात एखाद्या वेळी येतो. सेवानिवृत्ती, मुलांचे शिक्षण, भावाभावांतील वाटणी, मोठ्या घराची गरज, अशी कारणे असतात. समोर बसलेला दलाल मात्र हा व्यवहार महिन्यातून चार वेळा करतो. एकाला सवय आहे आणि एकाला नाही, यातच नुकसानीचे बीज आहे. ते नुकसान टाळण्यासाठी काय माहीत असावे, एवढेच आज पाहू.

पहिली गोष्ट अशी की, आपण घरावर किती खर्च केला यावर घराचा भाव ठरत नाही. हे ऐकायला कडू लागते. घर विकण्याआधी माणसे लादी बदलतात, ग्रॅनाइटचा ओटा बसवतात, मॉड्युलर किचन करतात, फॉल्स सीलिंगमध्ये दिवे लावतात, हॉलच्या एका भिंतीला दगडी फरशी चिकटवतात. मग हिशेब मांडतात की, घराचा भाव एवढा, त्यावर खर्च एवढा, वर थोडा नफा. बाजार या पद्धतीने चालत नाही.

आम्ही बँकेत काम करणारी माणसे कर्जाची प्रकरणे रोज पाहतो. खरेदीदाराने कर्ज मागितले की बँकेचा मूल्यांकनकार घर पाहायला जातो. तो कार्पेट क्षेत्रफळ मोजतो, इमारतीचे वय विचारतो, मजला, लिफ्ट, पाणी आणि रस्ता पाहतो, मंजूर नकाशा मागतो आणि जवळपासचे ताजे नोंदणीकृत व्यवहार पडताळतो. फॉल्स सीलिंगकडे तो क्वचितच मान वर करून पाहतो. कारण साधे आहे. घराची किंमत वाढते ती जागेमुळे. सजावट मात्र बसवली त्या दिवसापासून जुनी होऊ लागते. शिवाय आपल्या आवडीचा जांभळा रंग खरेदीदाराला आवडेलच असे नाही. पुष्कळदा तो ताबा घेतल्यावर पहिल्याच महिन्यात ते सारे काढून टाकतो.

मग डागडुजी करूच नये काय? तसे नाही. कोणता खर्च उपयोगी आणि कोणता हौसेचा, हे वेगळे ओळखावे. गळती बंद करणे, संडास-बाथरूमचे वॉटरप्रूफिंग, जुनी वायरिंग बदलणे, गंजलेले पाण्याचे पाइप काढणे, दारे-खिडक्या नीट लागतील असे करणे आणि शेवटी साधा उजळ रंग देणे, या गोष्टींमुळे खरेदीदाराची भीती जाते आणि घर लवकर विकले जाते. महागडे फर्निचर व नक्षीकाम यांचे पैसे सहसा अर्धेही परत येत नाहीत. राहण्यासाठी ज्याने हौस केली, त्याने तिचा आनंद घेतला. त्या आनंदाचे बिल पुढच्या माणसाने भरावे अशी अपेक्षा करू नये.

आता भाव काढायचा कसा ते पाहू. आपल्या इमारतीत किंवा गल्लीत गेल्या सहा महिन्यांत, फार तर वर्षभरात, प्रत्यक्ष नोंदलेले तीन-चार व्यवहार शोधावेत. जाहिरातीतला आकडा म्हणजे मागणी. नोंदलेला आकडा म्हणजे व्यवहार. या दोहोंत अंतर असते. नोंदणी झालेल्या करारांचा गोषवारा, ज्याला आपण इंडेक्स टू म्हणतो, तो राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येतो. त्यातून कार्पेटच्या प्रत्येक चौरस फुटाचा दर काढावा. जुन्या करारांत पुष्कळदा बिल्ट-अप क्षेत्रफळ लिहिलेले असते. त्याला आजच्या कार्पेटच्या दराने गुणले तर हिशेब फसतो. आत घेतलेली गॅलरीही कार्पेटमध्ये मिसळू नये. करारात आणि मंजूर नकाशात जे आहे तेच धरावे.

समजा, एका उपनगरात ४०० चौरस फूट कार्पेटचे घर आहे. त्याच इमारतीतील तीन व्यवहार चौरस फुटाला २४,०००, २५,००० आणि २६,५०० रुपये दराने झाले. तिसरे घर वरच्या मजल्यावरचे, भरपूर उजेडाचे होते. आपले घर मधल्या मजल्यावर आहे, म्हणून २५,००० हा दर धरला. मूळ भाव झाला १ कोटी. डागडुजीवर ९ लाख गेले. त्यांपैकी साडेतीन लाख वायरिंग, पाइप, वॉटरप्रूफिंग व बाथरूमवर आणि साडेपाच लाख सजावटीवर. आता घरमालकाला वाटते की, १ कोटी १२ लाख सांगावेत. आमच्या मते उपयोगी खर्चाचा बराचसा भाग आणि सजावटीचा अगदी थोडा भाग धरून १ कोटी ४ लाख सांगावेत आणि १ कोटी १ लाखाच्या खाली उतरू नये, असे घरात सर्वांनी बसून आधीच ठरवावे. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. पद्धत लक्षात ठेवावी.

फार चढा भाव सांगितला तर काय बिघडले, घासाघीस होईलच, असे काहीजण म्हणतात. बिघडते ते असे. पहिल्या महिन्यात खरे गरजू खरेदीदार येतात. ते भाव ऐकून परत जातात. सहा महिने घर तसेच राहिले की, या घरात काहीतरी खोट असणार, अशी कुजबुज दलालांत सुरू होते. मग मुलाच्या फीची तारीख जवळ येते, गरज वाढते आणि शेवटी तेच घर मूळ भावापेक्षाही कमी किमतीला द्यावे लागते.

खरेदीदाराच्या खिशाचाही विचार करावा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढील कर्जात ७५ टक्क्यांपर्यंतच रक्कम देता येते. म्हणजे १ कोटीच्या घराला फार तर ७५ लाख कर्ज. उरलेले २५ लाख खरेदीदाराने आणायचे. त्यावर मुंबईत मेट्रो अधिभारासह ६ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ६ लाख आणि नोंदणी फी ३०,००० रुपये. असे ३१ लाख ३० हजार रुपये त्याच्याजवळ रोख शिल्लक असावे लागतात. घर स्त्रीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, म्हणजे १ लाख वाचतात. विक्रेत्याने ही माहिती खरेदीदार कुटुंबाला आपणहून सांगावी. त्यांचेही भले होते आणि आपला व्यवहारही सुकर होतो. उलट, मूल्यांकनकाराने काढलेल्या किमतीपेक्षा आपण फार वर गेलो, तर वरचे सगळे पैसे खरेदीदाराला पदरचे घालावे लागतात आणि ठरलेला व्यवहार तिथेच मोडतो.

सरकारी दराचा, म्हणजे रेडी रेकनरचा, अनेकजण चुकीचा अर्थ लावतात. तो बाजारभाव नव्हे. तो मुद्रांक शुल्कासाठीचा किमान आधार आहे. मात्र करारातील किंमत त्या मूल्याच्या फार खाली गेली आणि ते मूल्य करारातील किमतीच्या ११० टक्क्यांहून जास्त भरले, तर विक्रेत्याचा आयकर त्या सरकारी मूल्यावरच मोजला जातो. म्हणून सरकारी मूल्य आधी काढून ठेवावे.

बंधू-भगिनींनो, आता शीलाचा प्रश्न येतो. नवा रंग दिल्यावर जुनी ओल झाकली जाते. पावसाळ्यात वरच्या बाथरूमचे पाणी आपल्या छतातून झिरपते, हे आपल्याला ठाऊक असते. एप्रिल महिन्यात घर पाहायला आलेल्या माणसाला ते दिसत नाही. सांगावे की न सांगावे? १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा म्हणतो की, विक्रेत्याला ठाऊक असलेला आणि खरेदीदाराला सर्वसाधारण दक्षता घेऊनही न दिसणारा महत्त्वाचा दोष विक्रेत्याने सांगितलाच पाहिजे. कायद्याच्या पुष्कळ आधी चौथ्या शीलाने हेच सांगितले आहे. खोटे बोलणे म्हणजे केवळ खोटा शब्द उच्चारणे नव्हे. खरे ठाऊक असून गप्प बसणे हेही त्यातच येते. खरेदीदार हा बहुधा आपल्यासारखाच वीस वर्षांच्या हप्त्याला बांधलेला नोकरदार असतो. दोष सांगावा, दुरुस्ती केली असल्यास पावती दाखवावी, नसल्यास तेवढा भाव कमी करावा. तसेच डागडुजी करताना भिंत पाडली असेल, स्वयंपाकघराची जागा बदलली असेल, तर तेही लपवू नये. मंजूर नकाशाशी घर जुळले नाही की बँकेत प्रकरण अडकतेच.

भावाइतकेच महत्त्व कागदांना आहे. मूळ करारापासून आजपर्यंतची करारांची साखळी, शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्र, देखभाल खर्च व मालमत्ता कराच्या ताज्या पावत्या, जुने कर्ज फिटल्याचे बँकेचे पत्र, हे सारे जाहिरात देण्यापूर्वी एका फाइलमध्ये लावून ठेवावे. घर सरकारी योजनेतून किंवा पुनर्विकासातून मिळालेले असेल, तर विक्रीवर ठरावीक वर्षांची बंदी आहे का, संबंधित कार्यालयाची परवानगी लागते का, हे वाटपपत्र वाचून आधी पाहावे. बंदीच्या काळात साध्या मुखत्यारपत्रावर घर विकण्याचा सल्ला देणारे भेटतात. तो सल्ला घेणारा आणि देणारा, दोघेही पुढे अडचणीत येतात. सोसायटीच्या हस्तांतरण अधिमूल्यालाही मर्यादा आहे. शासनाच्या २००१ सालच्या परिपत्रकाप्रमाणे महापालिका क्षेत्रात ते २५,००० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. देणगीच्या नावाखाली अधिक मागितल्यास नम्रपणे परिपत्रक दाखवावे.

कागदांत सर्वांत नाजूक बाब म्हणजे वारसांची. वडील मृत्युपत्र न करता गेले आणि सोसायटीत थोरल्या भावाचे नामनिर्देशन आहे, म्हणून घर त्याचे झाले, असा मोठा गैरसमज आपल्यात आहे. नामनिर्देशित व्यक्ती ही मालक नव्हे. १९५६ चा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे आणि वडिलांच्या स्वकष्टार्जित घरात आई, मुलगे आणि मुली यांचा वाटा सारखा आहे. घर विकायचे ठरले की बहिणीला माहेरी बोलवायचे, साडी-चोळी द्यायची आणि हक्कसोडपत्रावर सही घ्यायची, हा प्रकार आपल्या घरांतही घडतो. स्त्रियांच्या हक्कांसाठीचे हिंदू कोड बिल रखडले, हे बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला त्यामागचे एक मोठे कारण होते. ज्या घरात त्यांची तसबीर आहे, त्या घराच्या विक्रीत बहिणीचा वाटा गिळला जाऊ नये. तिने स्वखुशीने, पूर्ण माहिती घेऊन सोडला तर गोष्ट वेगळी. परंतु घराचा भाव किती आला, हे तिला सहीच्या आधी कळले पाहिजे.

तसबिरीचा विषय निघाला म्हणून आणखी एक सांगतो. घर दाखवण्यापूर्वी पसारा आवरा, भिंती मोकळ्या ठेवा, असे दलाल सांगतात. ते योग्यच आहे. पण काही दलाल हळूच असेही सुचवतात की, हे फोटो तेवढे दोन दिवस आत ठेवा, भाव चांगला येईल. १९१७ साली परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला घर मिळाले नाही, पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढण्यात आले, हा इतिहास आपण जाणतो. शंभर वर्षांनंतर भिंतीवरचा फोटो पाहून जो दहा टक्के भाव पाडतो, त्याला घर विकायची आपल्याला सक्ती नाही. तथागत आणि बाबासाहेब भिंतीवरच राहतील आणि भाव नोंदलेल्या व्यवहारांवरूनच ठरेल, असे शांतपणे सांगावे. तद्वतच आपणही खरेदीदाराला त्याची जात, धर्म, त्याच्या स्वयंपाकघरात काय शिजते हे विचारू नये. आपल्याला जो प्रश्न टोचला तो दुसऱ्याला विचारण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

आता पैशाच्या देवाणघेवाणीविषयी. काही पांढरे, काही काळे, असा प्रस्ताव अजूनही येतो. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास १ जून २०१५ पासून मनाई आहे आणि घेतल्यास तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. रोखीचा पैसा बँकेत ठेवता येत नाही, त्यातून नवे घर उघडपणे घेता येत नाही आणि तो घरात फार दिवस टिकतही नाही. सगळी रक्कम चेकने किंवा बँकेमार्फत घ्यावी. किंमत ५० लाख किंवा अधिक असल्यास खरेदीदार १ टक्का कर कापून सरकारात भरतो. त्याचे प्रमाणपत्र मागून घ्यावे.

घर दोन वर्षांपेक्षा जास्त काळ आपल्याकडे असेल, तर नफ्यावर दीर्घ मुदतीचा भांडवली कर लागतो. २३ जुलै २०२४ पासून त्याचा दर १२.५ टक्के आहे. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घराला महागाई निर्देशांकाचा लाभ घेऊन २० टक्क्यांनी हिशेब करण्याचीही मुभा आहे. दोहोंत जो कर कमी येईल तो द्यावा. येथे डागडुजीच्या पावत्या कामी येतात. घरात कायमची सुधारणा करणारा खर्च पावतीसह दाखवता आला, तर तो नफ्यातून वजा होतो. नुसत्या रंगरंगोटीचा होत नाही. म्हणजे जो खर्च भावात परत आला नाही, तो काही अंशी करात वाचतो. नफ्याची रक्कम विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत दुसऱ्या राहत्या घराच्या खरेदीत किंवा तीन वर्षांत बांधकामात घातल्यास सूट मिळते. तोपर्यंत विवरणपत्राच्या मुदतीआधी ती बँकेतील भांडवली नफा खात्यात ठेवावी.

अनाथपिंडिकाची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. त्याने राजपुत्र जेताकडे उद्यान विकत मागितले. सुवर्णमुद्रांनी जमीन झाकली तरी देणार नाही, असे जेत बोलून गेला. अनाथपिंडिक म्हणाला की, सौदा झाला. वाद न्यायाधिकाऱ्यांकडे गेला आणि त्यांनी निकाल दिला की, किंमत उच्चारली गेली, तेव्हा उद्यान विकले गेले. मुद्रा अंथरताना दाराजवळचा थोडा भाग उरला, तो जेताने स्वतः दान दिला. आम्हांला या कथेत व्यवहाराचा मोठा धडा दिसतो. बोललेला भाव म्हणजे दिलेला शब्द. टोकन घेतल्यावर दुसरा कोणी दोन लाख जास्त देतो म्हणून पहिल्याला फिरवणे, हे आपल्याला शोभत नाही. म्हणूनच भाव उच्चारण्यापूर्वी अभ्यास करावा आणि उच्चारल्यावर पाळावा.

आणि पैसे हाती आल्यावर? सिगालाला केलेल्या उपदेशात तथागतांनी गृहस्थाच्या धनाचे चार भाग सांगितले. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग उद्योगात आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून. आजच्या भाषेत सांगायचे, तर आधी पुढच्या निवाऱ्याची आणि मुलामुलींच्या शिक्षणाची तरतूद, मग आजारपणाची शिल्लक आणि मग राहिलेल्यात हौस. तीन पिढ्यांनी जमवलेले घर एका लग्नाच्या मांडवात संपता कामा नये.

विद्यार्थी मित्रांना शेवटी एकच काम सांगतो. घरी जाऊन आईवडिलांना विचारा की, आपल्या घराचा करार कोठे आहे, कार्पेट किती आहे, नामनिर्देशन कोणाचे आहे. तिन्ही उत्तरे एका कागदावर लिहून काढा. घर विकायचे नसले तरीही लिहा. ज्याला आपल्या संपत्तीचा कागद वाचता येतो, त्याला फसवणे अवघड असते आणि त्याला दुसऱ्याला फसवण्याची गरजही पडत नाही.



नमो बुद्धाय. जयभीम.